विवराच्या पोटातलं नगर: नर्डलिंगन आणि त्याचा कारभार

दक्षिण जर्मनीत, बव्हेरिया राज्याच्या पश्चिम कडेला नर्डलिंगन नावाचं वीसेक हजार वस्तीचं शहर आहे. नकाशावर ते चटकन डोळ्यांत भरतं, कारण त्याचा जुना भाग जवळजवळ गोल आहे. भोवती दगडी तट, तटाला पाच वेशी, मधोमध चर्चचा उंच मनोरा. तटावर छपराखालून जाणारी पायवाट आहे आणि तिच्यावरून २.७ किलोमीटरची पूर्ण फेरी मारता येते. बाल्डिंगर, लोप्सिंगर, डायनिंगर, राइमलिंगर आणि बेर्गर ही वेशींची नावं. यांतल्या बऱ्याचशा ज्या गावाकडे वाट जाते त्या गावाच्या नावाने ओळखल्या जातात, आपल्याकडच्या पैठण गेट किंवा दिल्ली गेटसारख्याच.

या शहराचं वर्णन बहुतेक वेळा चित्रातलं गाव म्हणून होतं. ते देखणं आहेच, पण माझ्या मते खरी गोष्ट त्याच्या चावडीत आहे. १२१५ पासून १८०२ पर्यंत, म्हणजे जवळपास सहाशे वर्षं, या शहराने आपला कारभार आपण केला. तट बांधला तो नगरसभेने, जत्रा भरवली ती नगरसभेने, निरपराध बायकांना जाळलं तेही नगरसभेनेच. वरचा मालक नसणं म्हणजे काय, याचे दोन्ही अर्थ इथे बघायला मिळतात.

आधी जमिनीबद्दल सांगायला हवं. नर्डलिंगनभोवतीच्या सखल, सुपीक प्रदेशाला रीस म्हणतात. चहूकडे टेकड्यांचं कडं आणि मध्ये सपाट शेतं, असा साधारण २४ किलोमीटर व्यासाचा हा खळगा. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक किलोमीटरहून मोठा लघुग्रह इथे आदळला आणि हे विवर तयार झालं. धक्का एवढा जबर होता की वितळलेली वाळू काचेचे थेंब होऊन आजच्या चेक प्रदेशापर्यंत उडाली. तिथे सापडणारे मोल्डाव्हाइट नावाचे हिरवे खडे हे त्या दिवसाचेच. पुढे विवरात पाणी साठलं, मोठं सरोवर झालं, लाखो वर्षांत ते गाळाने भरलं आणि त्या गाळावर शेती उभी राहिली.

लोणार पाहिलेल्या माणसाला हे वाचताना बुलढाण्याची आठवण होणारच. दोन्हीकडे उल्कापात, आणि दोन्हीकडे जाणकार दीर्घकाळ त्याला ज्वालामुखीचं काम समजत आले. फरक आकाराचा आणि वयाचा. लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद, बेसाल्टच्या खडकात आणि भूगर्भाच्या हिशेबाने अगदी अलीकडचं. तिथे कडेवर उभं राहिलं की सगळं एका नजरेत मावतं. रीसमध्ये मात्र माणूस विवराच्या आतच राहतो आणि विवर त्याला दिसत नाही. त्यामुळे इथे कोडं सुटायला जास्त वेळ लागला. १९०४ मध्ये उल्कापाताची शंका कुणीतरी मांडली होती, पण तिला फारसं कुणी विचारलं नाही.

सोडवणूक झाली १९६० मध्ये. अमेरिकन भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर रीसमध्ये आले, ओटिंग गावच्या खाणीतले दगड त्यांनी गोळा केले. एडवर्ड चाओ यांनी ते तपासले तेव्हा त्यांत कोएसाइट सापडला. क्वार्ट्झचं हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होतं आणि ज्वालामुखी तेवढा दाब देत नाही. खडकाचं नाव सुएव्हाइट. करड्या-हिरवट रंगाचा, आत काळपट काचेचे तुकडे विखुरलेले, हाताला काहीसा सच्छिद्र लागणारा हा दगड. नर्डलिंगनचं सेंट गेऑर्ग चर्च याच दगडाचं आहे. म्हणजे ज्या पुराव्यासाठी शास्त्रज्ञ वाद घालत होते तो पुरावा पंधराव्या शतकापासून भर चौकात उभा होता, आणि लोक त्याच्या सावलीत भाजी विकत होते. या दगडात अतिसूक्ष्म हिरेही आहेत. आघाताच्या दाबाने ग्रॅफाइटचे झालेले, डोळ्यांना न दिसणारे.

दहा वर्षांनी, ऑगस्ट १९७० मध्ये, अपोलो १४ चे अंतराळवीर रीसमध्ये आले. ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल यांना चंद्रावर कोणते दगड उचलायचे हे शिकायचं होतं, आणि आघाताने भाजलेला, चिरडलेला, मिसळलेला खडक ओळखायला शिकण्यासाठी इथल्या खाणी उत्तम होत्या. १९९० मध्ये शहरात रीस विवराचं संग्रहालय उघडलं, तेही १५०३ सालच्या एका जुन्या कोठाराच्या वास्तूत. अपोलो १६ ने आणलेला चंद्रावरचा एक दगड नासाने तिथे ठेवायला दिला आहे.

आता माणसांकडे वळू. ८९८ च्या एका दस्तऐवजात या जागेचा पहिला उल्लेख येतो, राजाच्या मालकीचा वाडा आणि शेतजमीन म्हणून. पुढे ती रेगेन्सबुर्गच्या बिशपकडे गेली. १२१५ मध्ये होहेनश्टाउफेन घराण्यातला राजा दुसरा फ्रीडरिश याने ती अदलाबदलीत परत मिळवली आणि नर्डलिंगन हे पवित्र रोमन साम्राज्याचं मुक्त नगर झालं. याचा व्यावहारिक अर्थ असा: शहरावर कोणी सरदार नाही, बिशप नाही, थेट सम्राट, आणि तोही दूर. कर शहर लावणार, नाणी-मापं शहर तपासणार, सैनिक शहर ठेवणार, न्याय शहर देणार. कालांतराने फाशीचा अधिकारही शहराच्या हाती आला. पवित्र रोमन साम्राज्यात अशी डझनावारी नगरं होती. त्यांतली काही फ्रांकफुर्ट, न्यूर्नबर्ग, आउग्सबुर्ग यांच्यासारखी श्रीमंत, तर काही जेमतेम मोठ्या खेड्याएवढी. नर्डलिंगन मधल्या फळीतलं.

त्याचं पोट जत्रेवर चाले. पेंटेकॉस्टच्या सणानंतर भरणाऱ्या या जत्रेचा उल्लेख १२१९ पासून सापडतो आणि मध्ययुगात दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या जत्रांमध्ये तिची गणना होई. लोकरीचं जाड कापड, कातडी, धान्य, धातू असा माल तिथे येई. शहराचे आपले धंदे दोन, लोडन नावाचं दाट लोकरी कापड विणणं आणि कातडी कमावणं. एगर नदीच्या काठी चांभारांची जुनी आळी अजून आहे. घरांची छपरं उंच आणि उतरती, वरच्या मजल्यांना उघडे सज्जे, कारण ओली कातडी वाऱ्यावर टांगायला जागा हवी. खाली नदीचं पाणी, वर वारा. घराचा नकाशा धंद्याने ठरवलेला.

व्यापार वाढला तसं गाव तटाबाहेर सांडलं. १३२७ मध्ये सम्राट लुडविगच्या आज्ञेने बाहेरच्या वस्त्यांसह नवा तट घालायला घेतला आणि शहराचं क्षेत्र सुमारे चौपट झालं. आजचा तट तो. जुन्या तटाची रेघ शहराच्या आतल्या गोल रस्त्याच्या रूपाने उरली आहे. बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि पैसा शहराच्या तिजोरीतून गेला. पुढे तटाला आतून टेकवून बुटकी घरं बांधली गेली, त्यांत गरीब कामकरी राहत. तीही घरं अजून आहेत, लोक त्यांत राहतात.

चर्चचं काम १४२७ मध्ये सुरू झालं, १५०५ मध्ये पुरं झालं. त्याच्या मनोऱ्याला लोक डानिएल म्हणतात. उंची ९० मीटर, पायऱ्या ३५०. वर पहारेकरी असतो, आजही. रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने तो खाली हाक देतो: "झो, गझेल, झो!" म्हणजे साधारण "असं होय गड्या, असं!" या हाकेमागे १४४० ची गोष्ट सांगतात. शेजारच्या ओटिंगन घराण्यातल्या काउंट हान्सने वेशीवरच्या पहारेकऱ्यांना लाच देऊन लोप्सिंगर दरवाजा रात्री न लावता ठेवायला सांगितलं. एका डुकरिणीने दाराला अंग घासलं, दार हललं, आणि तिथून जाणाऱ्या बाईच्या लक्षात आलं. तिने जे शब्द उच्चारले ते पुढे हाक झाले. डुकरीण दंतकथेतली असेल, पण काउंटचा कट आणि फितूर पहारेकऱ्यांना झालेली मृत्यूची शिक्षा हा इतिहास आहे. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की काउंटची जमीन शहराच्या चहूबाजूंनी होती. मुक्त नगर म्हणजे समुद्रातलं बेट नव्हे. दररोज ज्याच्या शेतातून जायचं तोच आपल्यावर टपलेला, असा तो शेजार.

नगरसभा बसे ती राटहाउसमध्ये. तेराव्या शतकातली ही दगडी इमारत १३८२ पासून नगरसभेचं घर आहे आणि आजही महापौर तिथेच बसतात. १६१८ मध्ये तिला बाहेरून एक नक्षीदार दगडी जिना जोडला. जिन्याखाली छोटी कोठडी आहे, पूर्वी तिथे किरकोळ गुन्हेगारांना कोंडून चारचौघांत लाजवत. कोठडीशेजारी विदूषकाची कोरीव आकृती आणि खाली ओळ: "आता आपण दोघे झालो." डोकावणाऱ्याला उद्देशून. कारभाऱ्यांनी आपल्याच जिन्याखाली असा विनोद कोरू द्यावा, हे त्या काळच्या शहरी स्वभावाबद्दल बरंच सांगतं.

नगरसभेत बसायचं कुणी, यावर शतकभर ओढाताण झाली. आधी सत्ता मोजक्या श्रीमंत घराण्यांची. चौदाव्या शतकाच्या मध्याला कारागिरांच्या गिल्डांनी, म्हणजे धंद्याधंद्याच्या संघांनी, आपला वाटा मिळवला. विणकर, चांभार, खाटीक, बेकरीवाले यांचे प्रतिनिधी सभेत बसू लागले. पुढे शहराने धर्मसुधारणेची बाजू घेतली. १५२९ मध्ये श्पायरच्या सभेत सम्राटाविरुद्ध निषेध नोंदवणाऱ्या १४ नगरांत नर्डलिंगन होतं. प्रोटेस्टंट हे नाव त्याच निषेधावरून पडलं. सम्राट पाचव्या चार्ल्सने नंतर उट्टं काढलं. दक्षिणेतल्या अनेक नगरांमधली गिल्डांची सत्ता त्याने मोडली आणि कारभार पुन्हा थोड्या घराण्यांच्या हाती दिला. नर्डलिंगन त्यांत होतं.

थोड्या घराण्यांची ही बंद सभा लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं प्रकरण तिच्यामुळेच घडलं. १५८९ ते १५९४ या वर्षांत नर्डलिंगनमध्ये चेटकिणींचे खटले चालले. महापौर आणि सभेचे कायदेपंडित यांनी ते पुढे रेटले. ३४ बायका आणि एक पुरुष यांना मारण्यात आलं. या फक्त गरीब, एकट्या म्हाताऱ्या नव्हत्या. शहराचे खजिनदार पेटर लेम्प यांची बायको रेबेका हिलाही पकडलं, नवरा गावाबाहेर असताना. तुरुंगातून तिने घरी लिहिलेली पत्रं उरली आहेत. सुरुवातीला ती नवऱ्याला सांगते, मी निर्दोष आहे, काळजी करू नका. छळानंतरच्या पत्रात ती मरण येईल असं काहीतरी पाठवून द्यायची विनवणी करते. १५९० मध्ये तिला जाळलं. ही पत्रं घरी पोचण्याऐवजी सभेच्या हाती लागली आणि खटल्याच्या कागदांत जाऊन पडली, म्हणून आज वाचता येतात. ती ज्या कारभाराने जपली त्याच कारभाराने ती लिहिणारीला मारलं.

हे सत्र थांबवलं मारिया हॉल या खानावळवालीने. ती मूळची उल्म शहराच्या मुलखातली. १५९३ मध्ये तिला पकडलं, ६२ वेळा तिचा छळ केला, आणि तिने एकदाही गुन्हा कबूल केला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. त्या काळच्या कायद्यात कबुलीशिवाय अशी शिक्षा सहसा देता येत नसे. उल्मच्या नगरसभेनेही तिच्यासाठी शब्द टाकला. १५९४ च्या शरद ऋतूत तिला सोडावं लागलं आणि नंतर खटले बंद पडले. आज वाइनमार्क्ट चौकात तिच्या नावाचं कारंजं आहे. दाद मागायला वरचं न्यायालय जवळपास नसल्यात जमा होतं, म्हणून एका बाईच्या शरीराला ते काम करावं लागलं. मुक्त नगराच्या स्वातंत्र्याचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

त्याआधीचाही एक डाग आहे. १३८४ मध्ये शहरातल्या ज्यूंची कत्तल झाली, त्यांची मालमत्ता लुटली गेली. पुन्हा वसलेल्या ज्यूंना १५०७ मध्ये शहरातून हाकललं. एकोणिसाव्या शतकात ते परतले, त्यांनी प्रार्थनागृह बांधलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याची नासधूस झाली आणि जे पळून जाऊ शकले नाहीत त्यांना छळछावण्यांकडे नेलं.

शहराचं नशीब फिरलं ते कॅथलिक सम्राट आणि प्रोटेस्टंट सत्ता यांच्यात पेटलेल्या तीस वर्षांच्या युद्धात. १६३४ च्या उन्हाळ्याच्या शेवटी सम्राटाच्या सैन्याने नर्डलिंगनला वेढा घातला. आत स्वीडिश शिबंदी आणि खेड्यांतून पळून आलेले लोक, त्यात रोगराई. सुटकेसाठी गुस्ताफ हॉर्न आणि वायमारचा बेर्नहार्ड या प्रोटेस्टंट सेनापतींचं सैन्य आलं. ५ आणि ६ सप्टेंबरला शहराबाहेरच्या टेकड्यांवर लढाई झाली. सम्राटाच्या बाजूने स्पॅनिश फौजही होती. प्रोटेस्टंटांचा दारुण पराभव झाला, हॉर्न पकडला गेला, आणि दक्षिण जर्मनीत स्वीडनचा जोर संपला. याचा एक परिणाम असा की पुढच्या वर्षी फ्रान्सला उघडपणे युद्धात उतरावं लागलं. जर्मनीबाहेर नर्डलिंगनचं नाव आजही जास्त ठाऊक आहे ते या लढाईमुळे. शहराने शरणागती पत्करली, भली मोठी खंडणी भरली. युद्ध संपेपर्यंत जवळपास निम्मी वस्ती नाहीशी झाली होती. जत्रा पुन्हा पूर्वीसारखी फुलली नाही.

याच गरिबीने तट वाचवला. ज्या शहरांकडे पैसा होता त्यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तट पाडले आणि तिथे रुंद रस्ते, बागा, वाडे उभारले. नर्डलिंगनला ना नवीन जागेची गरज होती, ना पाडण्याची ऐपत. १८०२-०३ मध्ये नेपोलियनच्या उलथापालथीत बव्हेरियाने ते गिळलं, मुक्त नगराचं पद गेलं आणि हुकूम म्युनिकहून येऊ लागले. तेव्हा तटाचे काही भाग उतरवायला सुरुवात झाली होती. १८२६ मध्ये राजा पहिला लुडविग याने बव्हेरियात जुन्या तटबंद्या पाडण्यावर बंदी घातली. १८४९ मध्ये रेल्वे आली तीही तटाबाहेरून गेली. दुसऱ्या महायुद्धात स्टेशनच्या भागावर बॉम्ब पडले, पण जुनं शहर बऱ्यापैकी बचावलं. युद्धानंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन निर्वासित आले आणि वस्ती वाढली. १९४५ मध्ये इथे गेर्ड म्युलर जन्मला, जो पुढे १९७४ च्या विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणार होता. गावच्या मैदानाला आता त्याचं नाव आहे.

आजच्या कारभाराचं मूळ १९७२ मध्ये आहे. तोवर नर्डलिंगन स्वतःच एका जिल्ह्याच्या बरोबरीचं शहर होतं, कुठल्याही जिल्ह्याच्या हाताखाली नव्हतं. बव्हेरियाने १ जुलै १९७२ पासून जिल्ह्यांची फेररचना केली, संख्या निम्म्याहून खाली आणली. शहर आणि त्याच्या भोवतीचा नर्डलिंगन जिल्हा डोनाउव्हर्थ जिल्ह्याला जोडले गेले, पुढे नाव पडलं डोनाउ-रीस, मुख्यालय डोनाउव्हर्थ. सहाशे वर्षं सम्राटाखेरीज कुणाला न मानणाऱ्या शहराला शेजारच्या गावी जाऊन कागद सादर करावे लागले, हे इथल्या लोकांच्या मनाला लागलं. गाड्यांच्या पाटीवरची एनओ ही जुनी अक्षरं जाऊन डीओएन आली. २०१३ मध्ये जुनी अक्षरं पुन्हा निवडायची मुभा मिळाली तेव्हा अनेकांनी ती घेतली. दुसऱ्या बाजूने, त्याच सुमारास बाल्डिंगन, लोप्सिंगन, होलहाइम, नेहरमेमिंगन अशी दहा खेडी शहरात सामील झाली. तिथल्या लोकांनीही आपल्या ग्रामसभा गमावल्याच.

भरपाई म्हणून शहराला "ग्रोसे क्राइसश्टाट" हा दर्जा मिळाला. जिल्ह्यात असलं तरी जिल्ह्याची काही कामं शहर स्वतः करतं. बांधकामाचा परवाना त्यातला मुख्य, आणि त्याबरोबर जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा पहिला अधिकारही. तटाला टेकलेल्या घराच्या मालकाला खिडकी बदलायची असेल तर अर्ज राटहाउसकडेच जातो. १९७३ च्या बव्हेरियन वारसा कायद्यामुळे राज्याच्या तज्ज्ञांचं मतही घ्यावं लागतं, पण फाइल गावातच राहते. जुन्या शहराचं रूप टिकलं त्यात या व्यवस्थेचा मोठा हात आहे असं मला वाटतं.

नगरसभेत ३० सदस्य आणि महापौर. महापौराची निवड थेट लोक करतात, मुदत सहा वर्षं. पहिल्या फेरीत कुणाला निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. महापौर सभेचा अध्यक्ष असतो, त्याला मत असतं, आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच. आपल्या नगरपरिषदेत नगराध्यक्ष लोकांचा आणि मुख्याधिकारी सरकारचा, अशी जी जोडी असते ती इथे एकाच खुर्चीत बसते. सदस्यांची निवडणूक तर खास आहे. मतदाराला जागा तितकी, म्हणजे ३० मतं. एका पक्षाच्या यादीवर एक खूण करून तो मोकळा होऊ शकतो. किंवा आवडत्या उमेदवाराला तीनपर्यंत मतं देऊ शकतो, आणि उरलेली दुसऱ्या यादीतल्या माणसांना वाटू शकतो. मतपत्रिका टेबलभर पसरते आणि मोजणी एका रात्रीत आटोपत नाही. म्हणून इथे पक्षाच्या चिन्हापेक्षा शाळामास्तर, बेकरीवाला, अग्निशमन दलातला स्वयंसेवक अशी ओळखीची नावं वर येतात, आणि पक्षांबाहेरच्या स्थानिक मतदारसंघटनांनाही चांगल्या जागा मिळतात.

पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो: धंद्यांवरचा कर, ज्याचा दर नगरसभा ठरवते, जमीन-घरांवरचा कर, आणि राज्यात गोळा होणाऱ्या आयकरातला ठरलेला वाटा. आपल्या गावचे प्रश्न आपल्या जबाबदारीवर सोडवण्याचा हक्क जर्मन राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने प्रत्येक गावाला दिला आहे.

विवराचा कारभार मात्र नगरसभेच्या आवाक्याबाहेरचा. त्याच्या कड्याचा काही भाग शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जातो, आत अनेक गावं, खाणी, शेतं. म्हणून दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांनी आणि गावांनी मिळून रीस जिओपार्क, म्हणजे भूशास्त्रीय वारशाचं उद्यान, ही एकत्र संस्था उभी केली. खाणींच्या वाटा, माहितीफलक, प्रशिक्षित वाटाडे हे तिचं काम. २०२२ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक जिओपार्क म्हणून मान्यता दिली. लोणारचं सरोवर २०२० मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. तिथे अभयारण्य वनखात्याकडे, देवळं पुरातत्त्व खात्याकडे आणि काठावरचं गाव नगरपरिषदेकडे आहे. या सगळ्यांना एका टेबलावर बसवणारी, स्वतःचं अंदाजपत्रक असलेली स्थानिक संस्था कशी चालवायची, हे पाहण्यासाठी लोणारकरांनी आणि त्यांच्या कारभाऱ्यांनी नर्डलिंगनशी बोलायला सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.